शेंदराचा हात

“वडील काय करतात?” किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं. प्रश्न साधाच होता. केस पेपरवर वय आणि वजनाच्या खाली एक रिकामी जागा होती, ती त्यांना भरायची होती.

“शेती बघतात,” मी म्हणाले.

अगदी खोटं नव्हतं. घोटीच्या अलीकडे आमच्या गावात आमचं भाताचं एक खाचर आहे. देवाच्या पूजेपोटी आमच्या घराण्याला पूर्वी कधीतरी मिळालेलं. पावसाळ्यात आण्णा त्याच्या बांधावर जाऊन उभे राहतात. एवढ्याला शेती बघणं म्हणायला कुणाची हरकत नसावी. पण माझे वडील शेतकरी नाहीत. ते गावच्या मारुतीचे पुजारी आहेत, त्यांच्या वडलांनंतर. दर शनिवारी सकाळी तेलात कालवलेला शेंदूर ते मारुतीच्या अंगाला तळहातानं लावतात. हे इतकं सरळ वाक्य मी नाशिकात राहायला आल्यापासून कुणासमोर बोलले नव्हते आणि त्या दिवशी डॉक्टरांसमोरही बोलले नाही.

आण्णा शेजारच्या खुर्चीत बसले होते. माझं उत्तर ऐकून त्यांनी मान डोलावली. हात मांडीवर होते आणि दोन्ही मुठी मिटलेल्या. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं नाही. त्यांच्या हातांकडे न बघायची मला लहानपणापासून सवय आहे.

आमच्या घरचा नियम असा, की शेंदराचा हात धुवायचा नाही, पुसायचा. देवाच्या अंगाला लागलेला शेंदूर मोरीत सोडणं म्हणजे देवालाच मोरीत सोडणं, असं आजोबा सांगायचे. लेप झाला की आण्णा हाताला उरलेला शेंदूर आपल्याच दंडाला, पोटऱ्यांना चोळून टाकत. मग तळवे जुन्या धोतराच्या फडक्याला पुसत, त्याच हातानं नारळ फोडून पहिला तुकडा तोंडात टाकत आणि घरी येऊन त्याच हातानं भाकरी मोडत. दुसऱ्या दिवशी आंघोळ व्हायची, पण तेलातला शेंदूर पाण्याला दाद देत नाही. नखांच्या कडेला आणि तळहाताच्या रेघांत तो आठवडाभर मुक्कामाला असायचा. तो फिका पडेपर्यंत पुढचा शनिवार यायचा.

माझी आई लवकर गेली, त्यामुळे शाळेचा डबा आण्णाच भरायचे. शनिवारी सकाळची शाळा. डबा उघडला की भाकरीवर एक केशरी अंगठा उमटलेला दिसायचा. पोरं विचारायची, “आज मारुतीनं थापली व्हय गं?” आणि सगळा वर्ग हसायचा. मी भाकरी पालथी घालून खायचे. मोठी झाले, शिकले, कॉलेजात शिकवायला लागले, तरी भाकरी पालथी घालायची ती खोड काही गेली नाही. लग्न ठरताना सासरच्यांना मी सांगितलं, की वडील देवस्थानचं काम बघतात. देवस्थान म्हटलं की लोकांना विश्वस्त मंडळ दिसतं, पावत्या फाडणारा कारकून दिसतो. दिसेल ते मी दिसू दिलं. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो ओझरच्या कारखान्यात आहे, दिवसभर त्याचेच हात काळे असतात. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं आणि त्याचा मला उलट रागच यायचा.

पण हे सगळं पोरकटपणात मोडतं. पोरीला बापाची लाज वाटली, हे काही जगात पहिल्यांदा झालेलं नाही. याच्यापुढे जे झालं ते वेगळं आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी आण्णांना शेंदराची शंका यायला लागली होती. बाजारात रंग लावलेली हलकी पूड शेंदूर म्हणून मिळायला लागली होती आणि ती त्यांना सहन होत नसे. “खरा शेंदूर हाताला जड लागतो, पोरी,” ते म्हणायचे, “ह्यो बघ, निस्ता भुस्सा.” एकदा त्यांनी दोन-तीन दुकानांतल्या पुड्या माझ्याकडे आणून ठेवल्या. “तुझ्या कॉलेजात बघ की, खरा कोंचा हाय त्यो.”

मी पाहिलं. खरा शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड, हे मला वेगळं शिकायची गरज नव्हती. वर्गात मी ते दरवर्षी सांगते. प्रॅक्टिकल संपल्यावर चिमूट चिमूट पूड परीक्षानळीत घेतली, वर नायट्रिक ॲसिड घातलं. दोन पुड्या तशाच राहिल्या. तिसरी केशरीची चॉकलेटी झाली. गाळून आलेल्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब सोडले, तर पिवळाधमक साका खाली बसला. इतका सुंदर पिवळा, की मी प्रयोगशाळेच्या शिपाईमामांना बोलावून दाखवला. मग बाहेर येऊन फोन लावला.

“आण्णा, तिसऱ्या पुडीतला अस्सल आहे. तोच घेत जा.”

त्यांना झालेला आनंद मला फोनवर ऐकू आला. पुढच्या वेळी गावी गेले, तर ज्याला-त्याला तेच सांगत होते. “आमच्या मारुतीला तपासलेला शेंदूर लागतो. माझ्या पोरीनं मशिनीवर तपासलाय.” मशीन वगैरे काही नव्हतं, पण मी त्यांना सुधारलं नाही. मलाही बरं वाटलं होतं. त्यांचं काम आणि माझं काम पहिल्यांदाच एकमेकांच्या ओळखीचं झालं होतं. त्यानंतर दर दिवाळीला त्या दुकानातून शेंदूर मीच घ्यायचे आणि कपड्यांच्या, फराळाच्या पिशवीबरोबर त्यांच्या हातात द्यायचे.

आणि शिसं विषारी असतं, हेही मी दरवर्षी शिकवतच होते. जुने रंग, जुने नळ, पेट्रोल. वर्गात उदाहरणं देताना एकदाही माझ्या डोळ्यांसमोर ती परात आली नाही, जिच्यात आण्णा कोपरापर्यंत हात घालून शेंदूर कालवतात. डोकं एकच, पण त्यातल्या दोन खोल्यांचं एकमेकींकडे जाणंयेणं नव्हतं. मी हुशार समजली जाते, म्हणून हे लिहायला जास्त जड जातंय.

मागच्या वर्षी आण्णांच्या पायाचा अंगठा सुजला. लाल झाला, चादरीचा स्पर्शही सोसेना. गावच्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड सांगितलं, गोळ्या दिल्या. मग पोटात कळा यायला लागल्या. मग रक्तदाब. मग चेहरा असा उतरला, की मंदिराची पायरी चढतानाही ते मध्ये थांबायला लागले. शेवटी रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन वाढलेलं. नाशिकला न्या, गावचे डॉक्टर म्हणाले.

त्या पहिल्या भेटीच्या दिवशी मी त्यांना नाशिकच्या मुंबई नाक्यावरून घेतलं. गाडीत बसल्या बसल्या डिझेलचा भपकारा आला.

“कशात बसून आलात आण्णा? टेम्पोत?”

“व्हय,” ते म्हणाले, “जीप गावली नाय.”

मी चिडून काच खाली केली. तब्येत अशी आणि हे टेम्पोतून येतात, याचा राग होता, असं तेव्हा मला वाटलं. खरं म्हणजे त्या वासाचे ते दवाखान्यात माझ्याशेजारी बसणार, याचा होता. तिथं काय झालं ते सांगितलंच आहे. शेती म्हटल्यावर डॉक्टरांनी फवारणीबद्दल विचारलं, गुडघेदुखीच्या गोळ्यांबद्दल विचारलं. गोळ्या बंद केल्या, मीठ कमी केलं, आणखी तपासण्या लिहून दिल्या. आण्णा गावी परत गेले. शनिवार येत राहिले.

दुसऱ्या भेटीला आकडे आणखी वाढले होते. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट पुढे-मागे चाळले. “यांना साखर नाही. सोनोग्राफीत किडन्या लहान दिसतायत. युरिक ॲसिड, पोटात कळा, हिमोग्लोबिन खाली. मला शिशाचा संशय येतोय.” आणि मग माझ्याकडे वळून हसल्या. “तुम्ही तर केमिस्ट्रीच्या. तुम्हाला मी काय सांगू?”

तरी त्यांनी सांगितलं. मूत्रपिंडात बारीक नळ्या असतात. गाळून आलेल्या पाण्यातलं कामाचं ते परत उचलून घेणं हे त्या नळ्यांच्या पेशींचं काम, आणि ते पेशींतल्या एन्झाइमांच्या जोरावर चालतं. शिसं तिथं शिरलं, की एन्झाइममधल्या गंधकाला धरून बसतं. पंगतीत आपल्या पाटावर भलताच माणूस येऊन बसावा आणि उठूच नये, तसं. मग काम अडतं, पेशी मरते आणि तिच्या पोटातली एन्झाइमं लघवीत सांडायला लागतात. युरिक ॲसिड बाहेर पडत नाही, म्हणून अंगठा सुजतो. रक्त तयार करणाऱ्या एका एन्झाइमलाही शिसं असंच अडवतं, म्हणून माणूस पांढरा पडतो.

“कुठून येत असेल?” त्यांनी विचारलं. “बॅटरीचं काम केलंय का कधी? रंगकाम? छापखाना? कुठलं भस्म घेतात?”

शिसं हा शब्द उच्चारला गेला, त्याच क्षणी मला परीक्षानळीतला तो पिवळा साका दिसला होता. शेंदूर. एक शब्द बोलायचा होता. आण्णा माझ्याकडे बघत होते, कारण त्यांच्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायची असं आमचं ठरूनच गेलं होतं. आणि समोरची बाई मला केमिस्ट्रीची तज्ज्ञ समजून बोलत होती. आता तिला काय सांगायचं? की माझे वडील शेंदूर लावतात, हे मी मागच्या वेळी लपवलं? की तो शेंदूर शिशाचा असल्याची खात्री मीच करून दिली? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार!

“नाही,” मी म्हणाले. “तसं काही नाही.”

“ठीक आहे. तरी रक्तातलं शिसं तपासून घेऊ,” त्या म्हणाल्या.

नमुना मुंबईला गेला. आण्णा घरी गेले. मी मनाशी म्हटलं, आधी रिपोर्ट तर येऊ दे, उगाच म्हाताऱ्याला कशाला घाबरवायचं. आपल्या भ्याडपणाला आपण दयेचं नाव किती पटकन देतो! मध्ये एक शनिवार होता. शुक्रवारी संध्याकाळी फोन हातात घेऊन मी गॅलरीत उभी होते. उद्या लेप करू नका, एवढंच सांगायचं होतं. पण ते ‘का’ म्हणून विचारतील आणि मग सगळंच सांगावं लागेल, म्हणून मी फोन ठेवून दिला आणि कणीक मळायला घेतली. बाकी सगळं मी अजाणतेपणात ढकलू शकते. तो शनिवार नाही ढकलता येत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वडलांनी परातीत हात घातला, तेव्हा त्यात काय आहे ते मला पक्कं माहीत होतं.

रिपोर्ट आला. डॉक्टरांचाच फोन आला. शिसं चांगलंच जास्त होतं. “कुठून येतंय ते शोधा,” त्या म्हणाल्या. “संपर्क थांबला तर जेवढी किडनी उरली आहे तेवढी टिकवता येईल. गेलेली परत येणार नाही. शनिवारी घेऊन या, पुढची औषधं ठरवू.”

शनिवारी मी अंधारातच गाडी काढली. गावात पोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. आण्णा गाभाऱ्यात बसून परातीत शेंदूर कालवत होते. दुखरा पाय बाजूला लांब पसरलेला होता.

“आण्णा, थांबा. हात काढा त्यातनं.”

“आगं, एवढ्या सकाळची कशी आलीस? जावई बरं हाईत ना?”

मी उंबऱ्याशीच बसले आणि सांगितलं. शेंदरात शिसं असतं. तेच तुमच्या किडनीत जाऊन बसलंय. अंगठा, पोट, थकवा, सगळं त्याचंच.

ते परातीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पन तू तपासला हुता.”

“तपासला होता.”

“खरा हाय म्हनली हुतीस.”

“खरा आहे, म्हणूनच आण्णा. खऱ्यातच शिसं असतं. मला माहीत होतं ते.”

मला वाटलं, आता बोलतील. ओरडावं त्यांनी, परात भिरकावावी, काहीही करावं. मी त्याची वाट बघत होते. त्यांनी हात बाहेर काढले आणि परातीच्या कडेला निथळत धरले.

“तू सांगतीस म्हंजी आसंल,” ते म्हणाले. “तुला कळतंय.”

एवढा विश्वास माझ्यावर कुणीही ठेवू नये. त्या शनिवारी मारुतीला नुसतं तेल आणि रुईच्या पानांची माळ घातली. आण्णांनी देवाला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ओठ बराच वेळ हलत होते.

“चला, डॉक्टरांनी आजच बोलावलंय,” मी म्हणाले.

“थांब. हात धुतो.”

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. शनिवारी, शेंदराचा हात? ते लंगडत देवळाच्या मागे गेले, मी त्यांच्या मागोमाग. तिथं पिंपळाच्या बुंध्याशी दगडाआड एक प्लास्टिकची बाटली होती. त्यांनी झाकण काढलं आणि वास आला. डिझेलचा.

मुंबई नाक्यावरचा तोच वास. दुसऱ्या भेटीच्या वेळी आला होता तो. माझ्या गृहप्रवेशाला आला होता, मुलीच्या बारशाला आला होता. दर वेळी मी गाडीची काच खाली केली होती आणि म्हटलं होतं, टेम्पोत बसू नका.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“तुझ्या लग्नापासनं. डिझेलनं साफ निघतो, नखातलाबी निघतो. ट्रॅक्टरवाला देतो बाटलीभर.” मग जरा ओशाळून म्हणाले, “हितंच धुतो मी, झाडाच्या मुळाशी. मोरीत नाय जाऊ देत.”

“पण आण्णा, शेंदूर धुवायचा नसतो ना?”

“नसतो,” ते म्हणाले. “पन तुला चारचौघांत बरं दिसत नाय.”

मी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली. मी चिडल्यासारखी म्हणाले, “नुसते पुसा फडक्याला आणि चला.” त्यांनी निमूटपणे हात पुसले. गाडीत सबंध रस्ताभर ते मुठी मिटून बसले होते. विल्होळीच्या पुढे गर्दी लागली, शेजारच्या गाडीतून कुणी आत पाहिलं, तेव्हा त्यांनी मुठी उपरण्याखाली घेतल्या. या वेळी मी काचा वरच ठेवल्या होत्या.

“सापडलं का काही?” आम्ही बसल्याबरोबर डॉक्टरांनी विचारलं.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आज आपण कोण आहोत, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं.

“ते मारुतीचे पुजारी आहेत,” मी म्हणाले. “हातानं शेंदूर लावतात.”

“काय म्हणालात?” माझा आवाज इतका लहान निघाला होता, की टेबलापलीकडे पोचलाच नव्हता. मला ते सगळं पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. मग पुढचंही म्हणाले. की शेंदूर शिशाचा आहे, हे मीच तपासून सांगितलं होतं. की मागच्या वेळी तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवलं होतं. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. आण्णांना म्हणाल्या, “बाबा, हात दाखवा बघू.”

आण्णांनी मुठी उघडल्या नाहीत. डॉक्टरांनी पुन्हा म्हटलं, तरी नाहीत. ते माझ्याकडेच बघत होते, मी मान हलवली तरी त्यांचा विश्वास बसेना. शेवटी मी त्यांची उजवी मूठ हातात घेतली आणि एकेक बोट सोडवलं. हा हात इतक्या जवळून मी किती वर्षांनी पाहत होते! तळव्याची प्रत्येक रेघ केशरी होती आणि कातडी डिझेलनं जागोजाग फाटली होती.

“आधी साबणानं धुऊन या,” डॉक्टर म्हणाल्या. “दोघंही.”

कोपऱ्यात बेसिन होतं. मी नळ सोडला, त्यांचे हात माझ्या हातात घेतले आणि साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेनं, आमच्या मुलीचे लहानपणी धुवायचे तसे. रंग लवकर निघेना. पांढऱ्या बेसिनमधून केशरी पाणी गोल फिरत जाळीतून खाली जायला लागलं. आण्णांनी हात मागे घेतले नाहीत. मी वर पाहिलं, तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.